सारजाबाईचा उजवा हात

मोशीचा पूल मागे पडला तेव्हा ऊन डाव्या गालाला चटके देऊ लागलं होतं. कुरुळीच्या फाट्यावर दोघींनी पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची तासभर वाट पाहिली होती. गाडी आली ती दारापर्यंत गच्च, थांबलीसुद्धा नाही. तेव्हा सारजाबाईने वहाणा काढून पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "चला बाई, इथं बसून काय अंडी उबवायचीत?" तेव्हापासून त्या चालत होत्या. चिंचवड अजून सहा-सात मैल होतं, आणि तिथल्या धर्मशाळेत दुपारी एक वाजता सुइणींची परीक्षा होती.

बाई म्हणजे इंदुताई, कुरुळीच्या शाळेतली मास्तरीण. मूळची रत्नागिरीकडची. ट्रेनिंग कॉलेज करून नोकरीला लागली आणि दोन वर्षांपूर्वी इकडे देशावर नेमणूक झाली. गावात एका खोलीत राहायची, सकाळी देवाला दोन फुलं वाहून शाळेत जायची, संध्याकाळी वह्या तपासायची. पोरं तिला भीत, बायका मान देत, आणि त्या मानामुळेच कुणी तिच्या ओट्यावर येऊन बसत नसे. सारजाबाई मात्र गेले सहा आठवडे रोज येऊन बसत होती. तिला यावंच लागत होतं.

सरकारने नवी योजना काढली होती. खेड्यापाड्यांतल्या सुइणींना शिकवायचं, परीक्षा घ्यायची आणि पास होईल तिला दाखला अन् सामानाची एक पत्र्याची पेटी द्यायची. आठवड्यातून एकदा चाकणला नर्स येऊन शिकवून जाई. बाकीचं घोकून घ्यायचं काम ग्रामसेवक यशवंतरावांनी इंदुताईच्या गळ्यात घातलं होतं, कारण शरीराची माहिती असलेलं पुस्तक गावात तिच्याकडेच होतं. यशवंतराव चावडीवर हेही सांगून गेले होते की दिवाळीनंतर दाखला नसलेल्या बाईला कुणी बाळंतपणाला बोलवायचं नाही.

सारजाबाईला यातलं एवढंच नीट कळलं होतं. वय पंचावन्नच्या पुढे. माहेर महाळुंग्याचं, तिथं आता ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. अकराव्या वर्षी लग्न होऊन कुरुळीत आली. तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. नवरा पटकीच्या साथीत गेला. सासू सुईण होती. तिने सुनेला हाताशी धरून काम शिकवलं आणि तीही गेली. तेव्हापासून तीस वर्षं गावातलं प्रत्येक मूल सारजाबाईच्या हातात आलेलं. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, पाचव्या दिवशी सटवाईची पूजा मांडायची, बाराव्याला पाळण्याची दोरी धरायची. तेवढे दिवस ती त्या घरची असे. मग पुन्हा आपल्या खोपटात. दुसऱ्या कुठल्या कारणाने तिला कुणी बोलावल्याचं इंदुताईने पाहिलं नव्हतं. दाखला मिळाला नाही तर सारजाबाईला गावातल्या एकाही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला कारण उरणार नव्हतं.

"हं, मावशी, सांगा," इंदुताई चालता चालता म्हणाली. "स्नायू किती तऱ्हेचे?"

"तीन."

"पहिले?"

सारजाबाईने घोकलेलं घडाघडा म्हटलं. पहिलं आपल्या हुकमातलं मास. हाडाला धरून असतं, हातपाय चालवतं, दमतं. दुसरं हुकमात नसलेलं. आतड्यात, जठरात, बाळाच्या पिशवीत. ते आपल्या मनाने आवळतं, आपल्या मनाने सैल पडतं. तिसरं काळजाचं, ते एका काळजातच असतं, दुसरीकडं कुठं सापडायचं नाही.

पुस्तकात लिहिलं होतं की सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पहिल्या स्नायूवर आडवे पट्टे दिसतात, दुसरा सपाट दिसतो, आणि हृदयाच्या स्नायूवर पट्टे असूनही तो आपल्या हुकमात नसतो. हे पट्टे सारजाबाईच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हते. इंदुताईने आज पुन्हा समजावलं.

सारजाबाई थोडी चालली आणि हसली. "म्हंजी ल्यालंय सुनंचं लुगडं आन् वागतंय सासूवानी. बसलं आता डोस्क्यात."

इंदुताईलाही हसू आलं. कोकणातून आल्यापासून ती एवढं मोठ्याने हसली नव्हती. रस्त्यावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं.

दुसऱ्या तऱ्हेच्या स्नायूबद्दल सारजाबाईला पुस्तकाची गरजच नव्हती. उलट पुस्तकात नसलेलं तीच सांगत असे. बाळ बाहेर आलं, वार पडली, आणि पिशवी सैल राहिली तर बाई रक्त जाऊन जाते. तेव्हा बेंबीखाली हात ठेवून चोळत राहायचं, गोल गोल, घाई न करता, ती नारळासारखी घट्ट लागेपर्यंत. एकदा इंदुताईने विचारलं होतं की हा स्नायू तर कुणाचंच ऐकत नाही, मग तुमचं कसं ऐकतो? सारजाबाई म्हणाली होती, "सांगून ऐकत न्हाई. हात ठिवला की ऐकतं." इंदुताईने ते वाक्य पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

भोसरीच्या अलीकडे एक लिंब होता. त्याच्या सावलीत दोघी टेकल्या. इंदुताईने भाकरी सोडली, कांदा फोडायला म्हणून सारजाबाईपुढे सरकवला. सारजाबाईने कांदा डाव्या हाताने जमिनीवर ठेवला आणि डाव्याच हाताने बुक्की मारली. तो नीट फुटला नाही.

"उजव्याने मारा की," इंदुताई सहज बोलली.

 सारजाबाईने सकाळपासून पदरात गुंडाळलेला उजवा हात बाहेर काढून मांडीवर पालथा ठेवला आणि हळूच उताणा केला.

अंगठ्याच्या बुडाशी तळहाताला जो गुबगुबीत उंचवटा असतो, तो तिथं नव्हताच. त्या जागी खळगा होता. कातडी आत गेलेली, खालचं हाड हाताला लागेल अशी. डाव्या हाताचा उंचवटा चांगला भरलेला होता, त्यामुळे उजवा दुसऱ्याच कुणाचा वाटत होता.

गेल्या सालच्या आखाडापासून हे चाललं आहे, ती म्हणाली. आधी मुंग्या यायच्या. मग सुईत दोरा ओवता येईना, तांब्या निसटू लागला. मिरची कुटून झालं असेल म्हणून तिने तेल लावलं, शेक दिला. अंगठा करंगळीकडे नेऊ म्हटलं तर अर्ध्यावर थांबतो. कुणाला कळू नये म्हणून ती हात पदरात ठेवते.

इंदुताईने हातातली भाकरी खाली ठेवली. हुकमातलं मास म्हणजे काय हे दाखवायला तिनेच महिन्यापूर्वी एक खूण शिकवली होती, अंगठा करंगळीला टेकवायचा, मग बुडाचा उंचवटा कसा फुगतो आणि टणक होतो ते दुसऱ्या हाताने चाचपायचं. त्या संध्याकाळी सारजाबाईने डावा हात पुढे केला होता. कंदिलाच्या उजेडात ते इंदुताईच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काही झालं नाही ना, मावशी? कुणाच्या बाळंतपणात?"

सारजाबाईने रस्त्याकडे पाहिलं. शिमग्याच्या सुमाराला छबूबाईच्या सुनेचं बाळंतपण होतं, ती म्हणाली. पोर ओलं, तेलकट, आणि अंगठ्याने धरच घेतला नाही. पोर निसटलं ते तिच्याच मांडीत पडलं. घोंगडी होती, काही लागलं नाही. कुणी पाहिलंही नाही, बाळंतीण डोळे मिटून पडली होती. "पोरगं चांगलं हाय. रांगतंय आता. पन त्याला बगितलं की माझं काळीज लागतंय धाडधाड करायला."

मग ती म्हणाली की बाईंनी हे कुणाजवळ बोलू नये. वर्ष-दोन वर्षं रेटता येईल. डावा हात आहे, डोकं आहे. कुणाला तरी जोडीला धरून करता येईल.

इंदुताईने मान डोलावली खरी, पण तिला ते जड गेलं. सारजाबाईची बाजू तिला दिसत होती आणि घोंगडीवर पडलेलं ते पोरही दिसत होतं. उठताना तिने मनातल्या मनात चिंचवडच्या गणपतीला सांगून टाकलं, की मी आपणहून बोलणार नाही, पण कुणी मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पुढचं तू बघ. एवढं सांगून तिला थोडं हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाजही वाटली. मोठ्याने ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी हुकमातला स्नायू दाखवा म्हटलं तर कोपर दुमडून दंड दाखवा. अंगठा नको."

"दंडच दावते."

"आणि डावा."

"व्हय, डावा."

दोघी पुन्हा चालू लागल्या. पिंपरीत पेनिसिलीनच्या नव्या कारखान्याची लांबलचक भिंत लागली. फाटकाशी सायकली लावलेल्या होत्या. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं जवळच बिऱ्हाडं करून राहत होती. दोरीवर चिमुकली झबली वाळत होती. सारजाबाई ती झबली पाहत थांबली. ही पोरं कुणी काढली असतील, तिने विचारलं. इंदुताई म्हणाली, दवाखान्यात होतात आता पुष्कळांची. सारजाबाईने दोरीवरची झबली बोटाने मोजल्यासारखी केली आणि पाय उचलला.

धर्मशाळेत नऊ बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुण्याहून आलेली डॉक्टरीणबाई वयस्कर होती, जाड चष्म्याची, हळू बोलणारी. ती एकेकीला पुढच्या सतरंजीवर बोलवी आणि सगळ्यांदेखत विचारी. इंदुताई दाराजवळ बसली. तिच्या मांडीवरच्या पुस्तकाचं कागदी वेष्टण घामाने ओलं झालं होतं.

आधीच्या बाया अडखळत होत्या. एकीने स्नायू दोनच तऱ्हेचे सांगितले, एकीने काळीज हाडाचं असतं म्हटलं, आणि बाकीच्या पदराआड हसल्या. सारजाबाईची पाळी आली तेव्हा तिने तीनही तऱ्हा सांगितल्या, पट्टे सांगितले, सुनेचं लुगडं सांगितलं. डॉक्टरीणबाई हसली. पिशवी सैल राहिली तर काय कराल, असं विचारल्यावर सारजाबाईने नुसतं सांगितलं नाही, समोरच्या उशीवर डाव्या हाताने करून दाखवलं. डॉक्टरीणबाईने चष्मा काढून पुसला. नर्सकडे वळून ती म्हणाली की ही बाई माझ्या विद्यार्थिनींना शिकवू शकेल. इंदुताईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, गणपतीने ऐकलं.

"आता शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आपल्या हुकमात असलेला एक स्नायू तुमच्याच अंगावर दाखवा, की सुटलात."

कौतुकाने सारजाबाईचा चेहरा उजळला होता. आणि तीस वर्षं जो हात सगळ्या कामाला आधी पुढे गेला, तोच आत्ताही पदरातून निघून पुढे गेला. तळवा उताणा, अंगठा करंगळीकडे निघालेला. तो अर्ध्यावर थांबला. सारजाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिला हात मागे घेता आला असता, पण तिने घेतला नाही.

डॉक्टरीणबाईने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खळगा चाचपला. बोटांच्या टोकांना टाचणी टोचली. सारजाबाईला ती उशिरा कळली. आता भिंतीजवळच्या बाया हसत नव्हत्या. सारजाबाईच्या जागेशेजारची बाई आपली पिशवी घेऊन हातभर पलीकडे सरकली. डॉक्टरीणबाईने ते पाहिलं. तिने सारजाबाईच्या बाह्या वर करून पाहिल्या, कोपर चाचपलं, आणि मोठ्याने सांगितलं की हा महारोग नाही, सगळ्यांनी नीट ऐकून घ्या. मनगटात शीर दबली आहे. मेंदूचा हुकूम या स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि हुकूम पोचला नाही की हा स्नायू वाळत जातो.

"आन् पिशवी न्हाई का वाळत?" सारजाबाईने विचारलं. "तिला तर कुनाचाच हुकूम नसतो."

 डॉक्टरीणबाई म्हणाली, "तिचं तिला चालवता येतं, बाई. याला नाही येत."

 डॉक्टरीणबाई समोरच्या कागदाकडे पाहत होती. डावा हात चांगला आहे, उत्तरं सगळ्यांत चांगली आहेत, असं ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. जोडीला एखादी तरुण बाई दिली तर कसं, असं तिने नर्सला विचारलं. नर्सने खांदे उडवले. मग तिने सारजाबाईकडे पाहिलं. "खरं सांगा. कधी काही निसटलंय या हातातून?"

 प्रश्न दारात बसलेल्या इंदुताईला नव्हता. गणपतीशी केलेल्या करारात हे बसतच नव्हतं. सारजाबाईने एकदा मागे वळून तिच्याकडे पाहिलं, सांगा म्हणून नाही, सांगू नका म्हणूनही नाही.

"एकडाव निसटलं," सारजाबाई म्हणाली. "पोर व्हतं."

डॉक्टरीणबाईने दाखल्याचा कागद दुमडून बाजूला ठेवला. तिने तो फाडला नाही, एवढं इंदुताईने पाहिलं. पुण्याला या, मोठ्या इस्पितळात दाखवू, शीर मोकळी करता येते का बघू, पण गेलेलं मांस परत भरेल असं सांगवत नाही, असं ती म्हणाली. सारजाबाईने सगळ्याला व्हय म्हटलं. उठताना तिने डॉक्टरीणबाईला वाकून नमस्कार केला. बाकीच्या बाया पेट्या घेण्यासाठी रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा ती धर्मशाळेच्या पायरीवर बसून वहाणा घालत होती.

परतीला गाडी मिळाली, बसायलाही मिळालं. सारजाबाई खिडकीशी बसली. तिचा उजवा हात आता पदरात नव्हता, मांडीवर उघडा पडला होता.  मी तो अंगठा शिकवलाच नसता तर, असं इंदुताईने भोसरी गेल्यावर सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं.

"तर फुडल्या खेपंला घोंगडी नसती," सारजाबाई म्हणाली. "मग काय केलं असतं, बाई?"

मोशीचा पूल आला तेव्हा तिने खाली नदीकडे पाहून हात जोडले. डाव्याला उजवा नीट टेकत नव्हता.

कुरुळीच्या फाट्यावर उतरल्या तेव्हा दिवस मावळत होता. गावाकडे जाणाऱ्या वाटेवर गुरं परतत होती, धूळ उडत होती. छबूबाईची सून कडेवर पोर घेऊन ओट्यावर उभी होती. तिने विचारलं, काय झालं सारजाआत्या, मिळाली का पेटी? सारजाबाईने पोराच्या गालाला डाव्या हाताने बोट लावलं. न्हाई मिळाली, ती साधेपणाने म्हणाली, हात चालंना.  अंधार पडायच्या आत दिवा लावायचा आहे असं सांगून सून आत गेली.

सारजाबाईचं खोपट गावाच्या कडेला, शाळेच्या वाटेवरच होतं. दाराशी आल्यावर तिने कडी काढली, पण आत गेली नाही. आत काळोख होता. इंदुताईने विचारलं, आज माझ्याकडे येता का जेवायला? सारजाबाईने नको म्हटलं. रोज काय बाई जेवू घालणार, आणि एक दिवसाची सवय वाईट. पुण्याला मी तुम्हाला घेऊन जाईन, सुट्टी काढीन, असं इंदुताई म्हणाली. बगू, सारजाबाई म्हणाली. तिने चौकटीला हात टेकला. काहीतरी बोलायचं होतं आणि कसं सुरू करावं ते तिला सापडत नव्हतं. तीस वर्षांत गावाने तिच्याकडे सारखं काही ना काही मागितलं होतं. स्वतः मागायची तिला सवय नव्हती.

"बाई, तुमी सकाळच्याला शाळंत जाता, त्या हितनंच जाता न्हवं?"

"हो, इथूनच."

"मग जाता जाता एक हाक मारत जावा. आत येऊ नगा, थांबून बोलू बी नगा, कामं असतात तुमाला. निजले तरी एक कान दाराकडं असतो माझा, कोन बोलवाया येतंय का म्हनून. आता कुनी यायचं न्हाई. पन त्या कानाला काय सांगू? तवा नुसतं सारजाबाई म्हना, आन् मी आतनं व्हय म्हनंस्तवर उभ्या ऱ्हावा. मग जावा."